ताटली दिसत नव्हती

९ फेब्रुवारी

प्रिय बेडक्या,

अक्षर ओळखलं असशीलच. ओळखूनही पाकीट फाडून टाकलं नसलंस तर पुढे वाच. पत्ता तुझ्या शाळेतल्या दोस्ताने दिला, चष्म्याच्या दुकानवाल्याने. फार आढेवेढे घेतले. म्हणाला, "ताई, त्याला त्रास होईल असं काही लिहू नका." मी म्हटलं, कामाचंच लिहिणार आहे.

तर काम असं. येत्या एप्रिलात क्लबला चाळीस वर्षं होतात. कमिटीने ठरवलंय की क्लबचा इतिहास छापायचा आणि तो मी लिहायचा. दुसरं आहेच कोण? ड्रिलमास्तर गेले, आपले अण्णा गेले. डॉक्टरकाका अजून अध्यक्ष आहेत, पण चौऱ्याऐंशी झाली आणि पेन धरलं की हात थरथरतो. राहिले मी. चोवीस वर्षं सचिवाच्या खुर्चीला चिकटून बसलेली.

सुरुवात लिहून झाली आहे. गावाबाहेरची सोडून दिलेली दगडाची खाण, तिच्यात साचलेलं पाणी, आणि दर उन्हाळ्यात त्या पाण्याने घेतलेला एकेक जीव. अण्णा तेव्हा पाणीपुरवठ्याच्या पंपावर होते. त्यांनी साहेबाच्या हातापाया पडून एक जुना पंप मिळवला आणि अकरा दिवसांत खाण उपसली. मग दोन हिवाळे अख्खं गाव रांग लावून हातोहात चिखल काढत होतं. चिखलातून तीन बादल्या, एक सायकल आणि एक लोखंडी पलंग निघाला. पलंग तिथे कुणी आणि कशासाठी टाकला यावर अजून वाद आहे. अण्णांचं म्हणणं एवढंच होतं, "या गावात पाण्याची भीती नको आणि पाण्याशी मस्तीही नको."

पाणी भरल्यावर पहिली उडी तू मारलीस. पंधरा वर्षांचा होतास. वर आलास तो हातपाय असे फाकवून की अण्णांनी तिथल्या तिथे तुझं बारसं केलं. पण तुझ्याआधी कोण पोहायला शिकवायचं, तू शिट्टी कोणत्या वर्षापासून गळ्यात घातलीस, हे मला नीट आठवत नाही. तेवढं कळव.

आणि त्या प्रकरणाबद्दल मी काही लिहिणार नाही, तेव्हा निर्धास्त राहा. तू कबूल केलंस, भोगलंस, विषय संपला. मी माझ्याकडून तो कधी उगाळला नाही.

तुझी ताई


२३ फेब्रुवारी

प्रिय बेडक्या,

पंधरा दिवस झाले, उत्तर नाही. पोस्टाचा घोळ असेल असं धरून चालते. तुझ्यावाचून काम अडलंय असं समजू नकोस. हळूहळू सरकतंय.

सध्या बायकांच्या बॅचवर आले आहे. पहिली तीन वर्षं पाण्यात एकही बाई उतरली नव्हती. बंदी कुणी घातली नव्हती, पण उतरायचं काय घालून? बायका पोरांना सोडायला यायच्या आणि कुंपणाबाहेर उभ्या राहून बघत बसायच्या. समोरच शिंपीणकाकूंचं दुकान. मशीनवर पाय मारता मारता त्या या बायकांकडे बघायच्या. एक दिवस रस्ता ओलांडून आल्या त्या काखेत पुडकं घेऊनच. आत गडद निळा पोशाख. बाह्या कोपरापर्यंत, खाली गुडघ्यापर्यंत, पाण्यात फुगू नये म्हणून कडेला नाडी. म्हणाल्या, "हे घालून उतरून दाखव. बाकीच्या आपोआप येतील."

पहिली मी उतरले. अण्णा म्हणाले, "दिसतेस मिटलेल्या छत्रीसारखी, पण पोह." वर्षभरात चौतीस बायका पाण्यात होत्या, झाडून सगळ्या काकूंच्या निळ्या पोशाखात. काकू स्वतः मात्र कितीतरी वर्षं काठावरच. "मला शिवता येतं तेवढं पुरे, बुडायला कशाला शिकू?" शेवटी सेहेचाळिसाव्या वर्षी आल्या आणि तुझ्या हाती लागल्या. तीन महिने त्यांनी काठाचा बार सोडला नाही. तू म्हणायचास, "काकू, बार घरी घेऊन जाणार का?" आणि त्या म्हणायच्या, "मास्तर, तुम्ही उखडून द्या, मी नेते."

हे लिहिताना मी हसले. मग हसू गेलं.

संदर्भासाठी पाण्याच्या जुन्या वह्या काढल्या. तू रोज सकाळी दोरी बांधलेली पांढरी ताटली खोल बाजूला सोडायचास. नऊ फुटांवर तळाशी ती काठावरून दिसली की पाणी ठीक. मग वहीत एकच शब्द लिहायचास, "दिसते." पानंच्या पानं दिसते, दिसते, दिसते. तुझं अक्षर कधीच सुधारलं नाही.

त्या वर्षीचीही वही सापडली. तिच्यात एप्रिलमधलं एक पान नाही. वाळवी असेल. जुन्या कागदांचं असंच होतं.

काकूंच्या मुलीकडे एखादा जुना फोटो असेल. जाऊन बघते.

ताई


३ मार्च

बेडक्या,

काल काकूंच्या दुकानात गेले होते. आता मुलगी चालवते. तू गेलास तेव्हा एकोणीसची होती, आता एक्केचाळीस. दोन मशीन आहेत, शाळेच्या गणवेशांचा ढीग आहे, आणि बोलता बोलता कानामागचा खडू काढून कापडावर रेघ मारायची सवय अगदी आईची. तिचे वडील आठ वर्षांपूर्वी गेले. माझे कपडे ती इतकी वर्षं शिवते, त्यामुळे जाणं-येणं आहेच.

फोटो मागितला. ती आत जाऊन घेऊन आली. क्लबच्या फाटकासमोर काकू उभ्या आहेत आणि तो निळा पोशाख हँगरला अडकवून झेंड्यासारखा धरलाय. फोटो माझ्या हातात देता देता तिने धरून ठेवला.

"आईचं नाव घालणार का? की नुसतं 'एक शिंपीणबाई'?"

"नाव घालणार. अगदी मानाने घालणार."

"आणि ती गेली कशी, ते?"

मी म्हटलं, "दुर्दैवी घटना, असा उल्लेख येईल."

तिने फोटो सोडला. खुर्चीवरचे गणवेश उचलून मला बसायला सांगितलं आणि स्वतः उभीच राहिली. म्हणाली, "तुमचा भाऊ गाव सोडायच्या आदल्या दिवशी इथे आला होता. ठाऊक आहे तुम्हाला?"

मला ठाऊक नव्हतं.

"त्या पायरीवर उभा होता. बाबांनी विचारलं, खुर्चीवरून उठलास कशाला? हा गप्प. बाबांनी कानाखाली मारली. चष्मा उडाला तो माझ्या पायाशी. परत विचारलं, का उठलास? परत गप्प. बाबांनी परत मारली. त्याने हात वर नाही केला. शेवटी एवढंच म्हणाला, काका, चूक झाली. चष्मा उचलून गेला. मला वाटलं, काय निगरगट्ट माणूस आहे. पुढे पुढे वाटायला लागलं, याच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी होतं आणि ते त्याने गिळलं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हाला माहीत असेल ना, ताई?"

मी म्हटलं, नाही.

फोटो पिशवीत घालून घरी आले. तुझा चष्मा कुठे फुटला असं मी तेव्हा विचारलं होतं, आठवतं? तू म्हणालास, पायरीवर घसरलो.

का नाही सांगितलंस? चौकशीत नाही सांगितलंस, ते मी समजू शकते. समोर अण्णा बसले होते. पण त्या पायरीवर कोण होतं? मार खाल्लास तरी एका वाक्याने सुटला असतास.

आज काही लिहिणं होणार नाही.


७ मार्च

बेडक्या,

लिहिते. एकदाच आणि सरळ. मध्ये थांबले तर उरलेलं परत राहून जाईल.

अठरावा वर्धापनदिन, रविवार. दोन दिवस आधी फिल्टरची मोटर जळाली होती आणि पाणी दुधात हिरवा रंग कालवल्यासारखं झालं होतं. अकरा वाजता तीन गावांचे पोहणारे स्पर्धेला येणार होते. सकाळी साडेसहाला तू ऑफिसात आलास, हातात ओली ताटली. म्हणालास, "ताई, ताटली दिसत नाही. चार फुटांवरच नाहीशी होते. आज पाण्यात कुणाला सोडू नकोस."

मी म्हटलं, "अकरापर्यंत निवळेल."

"नाही निवळणार. बायकांची बॅच तरी रद्द कर."

"आज? निम्म्या बायका स्वागताला आहेत, आधी पोहून मग तयार होणार आहेत. त्यांना उथळ बाजूला ठेव."

"ताई, उथळ बाजूलासुद्धा माझे पाय मला दिसत नाहीत."

तेव्हा मी जे बोलले ते तू विसरला नसशील. मीही विसरलेले नाही. "तू पोहणं बघ. क्लब मी बघते."

तू वहीत लिहिलंस, "दिसत नाही. ताईला सांगितलं." आणि गेलास.

पावणेनऊच्या सुमारास स्टेजची एक फळी निसटली. पाहुण्यांच्या खुर्च्या तिच्यावर होत्या. मी ऑफिसच्या दारातून तुला हाक मारली. तू खुर्चीतून मान हलवून नाही म्हणालास. मी परत हाक मारली, जरा वरच्या आवाजात, चारचौघांत. तू शिट्टी वाजवून बायकांना बार धरायला सांगितलंस आणि आलास. फळी बसवायला सहा मिनिटं लागली असतील. परत जाऊन तू डोकी मोजलीस आणि एक कमी भरलं. कुणीतरी म्हणालं, काकू कपडे बदलायला गेल्या. तू ते ऐकून घ्यायलाही थांबला नाहीस, कपड्यांनिशी सूर मारलास. डोळ्यांचा काही उपयोग नव्हता, हातांनी चाचपडत होतास. पहिल्या बुडीत काही नाही. दुसऱ्या बुडीत काही नाही. तिसऱ्या बुडीत तू त्यांना खोल बाजूच्या उतारावरून वर आणलंस तेव्हा मी काठावर होते. निळ्या पोशाखाची नाडी सुटली होती. काकूंना त्या दिवशी बार सोडून या काठावरून त्या काठावर जाऊन दाखवायचं होतं. आदल्या दिवशी त्या मला म्हणाल्याही होत्या, "मास्तरांना चकित करते बघ."

पाचव्या दिवशी चौकशीचे साहेब आले. कमिटीची खोली, लांब टेबल. साहेबांनी मला विचारलं, "पाणी गढूळ असल्याचं तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?" मी म्हटलं, नाही. "मास्तरांना जागा सोडून कुणी बोलावलं का?" मी म्हटलं, मला माहीत नाही. माझा आवाज अगदी स्वच्छ होता. मग त्यांनी तुला विचारलं. तू माझ्याकडे बघितलंस, मग अण्णांकडे, आणि म्हणालास, "ताई म्हणते ते बरोबर."

या चार शब्दांना मी बावीस वर्षं तुझी कबुली म्हणत आले. लोकांना सांगताना म्हणायची, "भाऊ असला म्हणून काय झालं, त्याने स्वतःच मान्य केलं." ऐकणारे म्हणायचे, ताई किती निःपक्षपाती.

पान वाळवीने खाल्लं नाही. चौकशीच्या आदल्या दिवशी डॉक्टरकाकांच्या घरी ते मी फाडलं. ते म्हणाले होते, "एक माणूस जाईल, नाहीतर क्लब जाईल. तुझ्या वडिलांनी हयात घातली त्यात." हे कारण मी स्वतःला खूप वेळा सांगितलं आहे. अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं असं की मी त्या क्लबची पहिली बाई सचिव होते, दोनच वर्षं झाली होती, आणि बाईच्या हातात दिलं म्हणून झालं हे मला ऐकायचं नव्हतं. त्यापेक्षा तू गेलेला चालणार होतास.

चालला.

ताई


२० मार्च

बेडक्या,

काकूंच्या मुलीला सांगितलं. भरदुपारी गेले, गिऱ्हाईक नव्हतं. ती बाही जोडत होती. मी बोलत राहिले आणि मशीन चालू राहिलं. मला वाटलं, ऐकू जातंय की नाही. फळीच्या हाकेपाशी आले तेव्हा तिने पाय थांबवला.

मग म्हणाली, "तुमची मापं माझ्या वहीत आहेत. दर वर्षी घेते. खांदा, छाती, कंबर. टेप लावताना तुम्ही माझ्याशी आईबद्दल बोलायचात. बाई लाखात एक होती म्हणायचात."

मी म्हटलं, "ते खरंच होतं."

"तेच तर. खोटं असतं तर बरं झालं असतं."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "माझ्याकडे मागू नका. ती देणारी मी कोण, आणि मी तयारही नाही. बाबा दोन माणसांना शिव्या देत गेले. एक तुमचा भाऊ, आणि दुसरी आई. बार सोडलाच कशाला, म्हणून. तिसऱ्या माणसाचं नाव त्यांना कळलंच नाही." मग उठून दार उघडं धरलं. "जे मला सांगितलंत ते तिथे सांगा, जिथून भावाला हाकललंत. सगळ्यांसमोर. मग बघू."

तिथून डॉक्टरकाकांकडे गेले. ते कुंड्यांना पाणी घालत होते. ऐकून घेतलं. म्हणाले, "ताई, बावीस वर्षांत त्या तलावाचं पाणी किती वेळा बदललं!"

"माझं तेच आहे, काका."

"आणि पान फाड असं मी म्हटलं नव्हतं."

"नव्हतंच म्हटलं. तुम्ही म्हणालात, या वहीचा आता कुणाला काय उपयोग? मग वही माझ्यापुढे सरकवलीत आणि खिडकीबाहेर बघत बसलात. फाडल्याचा आवाज येईपर्यंत मान वळवली नाहीत."

झारी रिकामी झाली तरी ते ती कुंडीवर धरून होते. म्हणाले, "मला या वयात खुनी ठरवणार का?"

"तुमचं नाव मी घेणार नाही. घ्यायचं तर तुम्ही घ्या."

परवा कमिटीची बैठक झाली. मी लिहिलेलं वाचून दाखवलं. खजिनदार म्हणाले, मुलं पोहायला येतात, पालक घाबरतील. दुसरे म्हणाले, इतिहास म्हणजे चांगलं तेवढं घ्यायचं असतं. ठराव झाला की इतिहास छापायचाच नाही, नुसते फोटो छापायचे. काकूंचा हँगरवाला फोटोही घेतलाय. खाली लिहिणार, "महिला विभागाच्या आधारस्तंभ."

पण कार्यक्रमपत्रिका आधीच वाटून झाली आहे आणि तिच्यात पहिल्या क्रमांकावर आहे, प्रास्ताविक, सचिव. ते त्यांच्या लक्षात आलेलं नाही.

तू पत्रं वाचतोस की नाही कोण जाणे. वाचत नसलास तरी मी पाठवणार. तुझ्यावर एवढी बळजबरी आणखी.

ताई


१२ एप्रिल

बेडक्या,

परवा, रविवारी सकाळी, झालं.

खोल बाजूला स्टेज होतं. अडीचशे माणसं असतील. शर्यतीची पोरं टॉवेल गुंडाळून काठावर बसली होती. मी कागद घेऊन उभी राहिले. खाण, पंप, चिखल, पलंग. लोक हसले. निळा पोशाख सांगितला तेव्हा टाळ्या पडल्या. मग मी कागद उलटला आणि त्या रविवारचं, जसं तुला लिहिलं तसं, वाचलं. तुझ्या शब्दांसकट. "तू पोहणं बघ, क्लब मी बघते" हे मी दोनदा म्हटलं, मागच्या रांगेपर्यंत पोचावं म्हणून. शेवटी म्हटलं, "माझा भाऊ निर्दोष होता. त्याने सावध केलं होतं. मी ऐकलं नाही, आणि मग मी खोटं बोलले."

माइक कुणी काढून घेतला नाही. घेतला असता तर बरं वाटलं असतं.

एका बापाने आपल्या पोराला काठावरून उठवलं आणि हाताला धरून फाटकाबाहेर नेलं. मागून कुणीतरी ओरडलं, "मग इतकी वर्षं त्या खुर्चीत बसलात कशा?"

मग जुन्या बॅचमधल्या एक बाई उठल्या. बँकेत होत्या त्या, आता काठी घेऊन चालतात. त्या दिवशी पाण्यात होत्या. त्यांना माइक दिला तर नको म्हणाल्या. "मी काकूंच्या शेजारी बार धरून होते," म्हणाल्या. "त्यांचा हात सुटताना मी बघितलं नाही. बावीस वर्षं मला वाटत होतं, मी जरा वळून बघितलं असतं तर. त्यानंतर मी पाण्यात पाय नाही घातला. हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं हो." आणि बसल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी सहन केला असता.

मला वाटत होतं, मी एका माणसाचं वाईट केलं. किती घरांत जाऊन बसलं होतं ते, कुणास ठाऊक.

शेवटी डॉक्टरकाका उठले. सगळ्यांना वाटलं, आता हे सावरून घेणार. ते म्हणाले, "वही मी सरकवली होती." माइकपासून लांब होते, पहिल्या दोन रांगांनाच ऐकू गेलं. मुलाचा हात धरून घरी गेले. शर्यती झाल्याच नाहीत.

काकूंची मुलगी शेवटच्या रांगेत होती. जाताना माझ्याजवळून गेली, थांबली नाही. काल तिने दुकानातून एक पिशवी पाठवली. मी शिवायला टाकलेलं कापड, न शिवता, नीट घडी घालून. चिठ्ठी नाही.

राजीनामा दिला आहे. तुला क्लबातून काढल्याचा जुना ठराव रद्द करावा असा अर्जही दिला आहे, आणि चौकशी कचेरीला सहीचं निवेदन. ते पुढे काय करतील ते करोत. त्याची एक प्रत सोबत आहे. ती तुझी आहे. कुणाला दाखवायची असली तर दाखव. नसली तर ठेव.

आता मी सकाळी घरीच असते. साडेसहाला जाग येते आणि जायला कुठे नसतं.

ताई


२९ एप्रिल

ताईंना नमस्कार.

आपली भेट झालेली नाही. मी तुमच्या भावाची बायको. आमच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली. यांना बहीण आहे हेच मला सात वर्षांनी कळलं, तेही आमची मुलगी आत्याबद्दल विचारायला लागली म्हणून. तेव्हा म्हणाले, "आहे. मोठी आहे. हुशार आहे." त्यापुढे काही नाही. माझ्या हातून एक बाई गेली, एवढं मात्र लग्नाआधीच सांगितलं होतं. तुमचं नाव त्यात कधी आलं नाही.

तुमची सगळी पत्रं मी उघडली. रागवायचं तर रागवा. पहिलं उघडलं तेव्हा वाटलं, कुणी गेलं-बिलं असेल तर यांना जपून सांगावं. वाचलं आणि तुमचा इतका संताप आला की डब्यात टाकून झाकण लावलं. निर्धास्त राहा म्हणे! मग दुसरं आलं, तिसरं आलं. चौथं वाचून मी ओट्यापाशी खाली बसले. तेव्हाच द्यायला हवं होतं, पण धीर झाला नाही. तुम्हाला यांची स्थिती माहीत नाही, म्हणून लिहिते.

हे शाळेची बस चालवतात. मुलं यांना मोजणीकाका म्हणतात, कारण प्रत्येक थांब्यावर हे खाली उतरून, मागे जाऊन, डोकी मोजतात. चढताना एकदा, उतरताना एकदा. लग्नकार्यात गेलो तरी यांचे ओठ हलत असतात. मला आधी वाटायचं जप करतात. मुलगी सतरा वर्षांची झाली, तिला पोहता येत नाही. शाळेच्या सहलीत तळं असलं तर तिला ताप यायचा, म्हणजे हे तसं शाळेत कळवायचे. आणि दिवसाउजेडी यांना मी कधी झोपलेलं बघितलं नाही. आजारी असले तरी उशीला टेकून बसतात, डोळे उघडे. म्हणतात, सवय आहे.

शेवटचं पत्र आलं तेव्हा ठरवलं, आता माझं काम संपलं. गेल्या रविवारी सकाळी डबा यांच्यापुढे ठेवला आणि सांगितलं, मी वाचली आहेत. हे पायरीवर बसले आणि तारखेप्रमाणे लावून एकेक वाचत गेले. मी दारात उभी. मुलीला मी शेजारी पाठवलं होतं. चौथं दोनदा वाचलं. शेवटचं वाचून कागद गुडघ्यावर ठेवला आणि मला विचारलं, "काकूंच्या मुलीला खरंच सांगितलं तिने?"

मी म्हटलं, लिहिलंय ना तसं.

मग म्हणाले, "हाक तिने मारली. पण उठलो मी. हे तिला लिही. निर्दोष वगैरे नको म्हणावं. पहिल्यांदा मान हलवली तशी दुसऱ्यांदा हलवता आली असती. चारचौघांत ओरडली म्हणून मला लाज वाटली, आणि लाजेने उठलो. तेवढं माझं आहे, ते माझ्याकडेच राहू दे. बाकीचं तिने घेतलं ते बरं केलं."

मी विचारलं, "तुम्हीच का नाही लिहीत?" तर म्हणाले, "आत्ता नाही." राग होता का, ते मला कळलं नाही. एकोणीस वर्षांत यांचा राग मी बघितलेला नाही, त्यामुळे तो कसा दिसतो हेच ठाऊक नाही. इकडे येऊ नका, ताई. निदान सध्या. आलात तर हे दार उघडतील आणि पाणी देतील आणि चूक झाली म्हणतील, आणि ते मला आता बघवणार नाही.

पण एक सांगते, त्यासाठीच हे पत्र. त्या दिवशी दुपारी जेवून हे आतल्या खोलीत गेले. बराच वेळ आवाज नाही म्हणून मी डोकावले. खिडकी उघडी, ऊन अंगावर, आणि हे पालथे पडून झोपले होते. तोंड उघडं, हातपाय चारी बाजूंना फेकलेले. मुलगी शेजारून आली आणि घाबरून म्हणाली, आई, बाबांना काय झालं? मी म्हटलं, काही नाही, झोपलेत. ती दारात उभी राहून बघतच राहिली. पाच वाजून गेले तरी आम्ही दोघींनी उठवलं नाही.

पुढचं पत्रही यांच्याच नावाने टाका. मी उघडणार नाही.